तिसरी तार

विहीणबाईंनी पाठवलेला गिटारवाला सांगितल्याप्रमाणे बरोबर तीन वाजता फाटकाशी हजर झाला, आणि नवरीच्या आत्याचं, लेपेकाचं, निम्मं मत तिथेच त्याच्या बाजूला गेलं. वेळेवर येणारा माणूस तिचा नवरा वारल्यापासून या घरात कुणी पाहिला नव्हता. बाहेर वायमेआ गावातली नेहमीची पावसाची भुरभुर चालू होती. पोराने दारात बूट काढले, ते भिंतीशी नीट लावले आणि गिटारची पेटी पोटाशी धरून तो आत आला.

"मी ग्लेन मोरिटा. कोनाच्या हॉटेलात वाजवतो. डॅरिलच्या आईंनी पाठवलंय."

"ठाऊक आहे. आधी बस, रस्साभात खा," लेपेका म्हणाली. "उपाशी पोटी वाजवलेलं मला आवडत नाही."

लग्न शनिवारी होतं आणि आज बुधवार उजाडला होता. डुक्कर भाजायचा खड्डा खणून झाला होता, फुलांच्या माळा करणाऱ्या बायका ठरल्या होत्या, भाच्या-पुतण्यांची झोपायची सोय झाली होती. फक्त चर्चमध्ये वाजवायचं काय, हे ठरलं नव्हतं. व्याह्यांनी तीन वेळा विचारलं होतं. चौथ्यांदा विचारण्याऐवजी त्यांनी सरळ वाजवणाराच पाठवून दिला.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लेपेकाचा बाप इओकेपा हे सगळं पाहत होता. ब्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा आता घरातल्या बहुतेक गोष्टी तिथूनच पाहत असे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात जो मांडीवर पडला, तो पडला. याच हाताने त्याने रँचवर पन्नास वर्षं घोडे आवरले होते आणि गिटार वाजवली होती. दोन्हीतलं काय अधिक चांगलं, यावर गावात अजून वाद होत असत.

ग्लेनने जेवून हात धुतले आणि खिशातून एक टंकलिखित कागद काढला. "यात सगळं आहे, आत्या. नवरी आत येताना काय, अंगठ्या घालताना काय, सह्या करताना काय, बाहेर पडताना काय. प्रत्येकाला पाच-पाच पर्याय आहेत."

"म्हणजे वीस," लेपेका चष्मा लावत म्हणाली. "आमच्या लग्नात पर्याय एकच होता. माझा काका. तो पण शुद्धीवर असला तर."

नोहेआ हसली. ती नवरी. आजोबांच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसली होती. सत्ताविसाव्या वर्षी, शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत असताना, तिने लग्नाला हो म्हटलं होतं, आणि आता तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाकी काहीही वाजवा," ती म्हणाली. "अंगठ्या घालताना मला आजीची धून हवी."

दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला तिचा बाप, वेंडेल, आपल्या बुटांकडे पाहू लागला. सरकारी रस्तेखात्यात रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवणारा बावन्न वर्षांचा गडी, कामावरचं जाकीट अजून अंगातच होतं.

आजीची धून म्हणजे एमालियाची धून. इओकेपाने ती आपल्या लग्नासाठी बांधली होती, एमालियाने लाजत-लाजत अंगठी पुढे केली तेव्हा दुसऱ्या कुणी नाही, त्याने स्वतः गिटार मांडीवर घेऊन वाजवली होती, आणि नवराच वाजवत बसल्यावर अंगठी घालायची कुणी म्हणून चर्चभर हशा पिकला होता. त्या धुनेला शब्द नव्हते. ती वाजायची ती या घराच्या खास जुळणीत.

तारा ढिल्या करून आपल्या मनच्या सुरांत लावायच्या, ही या बेटांवरच्या गिटारची जुनी रीत. प्रत्येक घराची जुळणी निराळी आणि ती घराबाहेर जायची नाही. परका माणूस आला की वाजवणं थांबायचं. वाजवून झालं की सगळ्या तारा सोडून गिटार भिंतीवर टांगायची, म्हणजे मागाहून कुणी खुंट्या चाचपून पाहिल्या तरी हाती काही लागू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे या लोकांनी फार मनावर घेतलं होतं.

आणि इओकेपाच्या घराण्यात त्या मुठीच्या आत आणखी एक मूठ होती. ती फक्त बापाला ठाऊक असायची. मुलाला जुळणी पहिल्यांदा द्यायची ती खोटी द्यायची. पाच तारा खऱ्या, तिसरी मात्र अर्ध्या सुराने चढी. घरच्या कुठल्याही धुनेचा पहिला भाग त्यात बिनबोभाट निघतो, दुसऱ्या भागात ती तार मोकळी वाजते आणि सगळं बेसूर होतं. मुलगा धडपडतो, बोटांना दोष देतो. वर्षभर त्याने तोंड मिटून ठेवलं, कुणाला काही दाखवलं नाही, की एके दिवशी बाप त्याला तबेल्यात नेतो आणि तिसरी तार उतरवून देतो. इओकेपाला त्याच्या बापाने चौदा महिने झुलवलं होतं. तार उतरली तेव्हाचा आनंद त्याला अजून आठवत होता. त्यापुढे लग्नाचाही आनंद थोडा फिका पडला होता, पण हे त्याने एमालियाला कधी सांगितलं नाही.

वेंडेलला त्याने जुळणी दिली ती वेंडेल एकोणीस वर्षांचा असताना. आठ महिने गेले आणि दुकानात कुणीतरी सांगितलं, तुझा पोरगा कावाइहाए बंदराच्या धक्क्यावर पोरांना जुळणी दाखवत असतो. इओकेपाने पोराला विचारलं नाही. त्याने फक्त वर्ष उलटू दिलं, आणि तबेल्यात नेलं नाही. दोन वर्षांनी कळलं की धक्क्यावरचा तो वेंडेल नव्हताच, दुसऱ्याच घरातला पोरगा आपल्या घराची जुळणी वाटत होता. पण तोवर वेंडेलने आपली गिटार विकली होती आणि सगळ्यांना हसत सांगून टाकलं होतं की आपल्या हातात काही नाही. तेव्हा सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हणत इओकेपा थांबला. मग सांगायची लाज वाटू लागली, आणि ती दरवर्षी वाढतच गेली.

"आजोबांचा हात चालत नाही," लेपेका कागद घडी करत म्हणाली. "मग वाजवणार कोण? नाव घे बरं."

"पप्पा," नोहेआ म्हणाली.

"मी?" वेंडेल मोठ्याने हसला. "पोरी, तुझ्या सासरची माणसं काय म्हणतील? नवरीच्या बापाने लग्नात मांजर चेचलं."

"तुम्हाला येते ती. मी लहान असताना तुम्ही एकदा वाजवली होती, मला आठवतं. अर्धी."

"अर्धीच येते. अर्धी धून वाजवून अर्धंच लग्न लागतं."

"पप्पा, प्लीज. एकदाच वाजवून बघा."

आता वेंडेलला लेकीपुढे नाही म्हणायची सवय नव्हती, हे वायमेआतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याने जाकीट काढलं. लेपेकाने भिंतीवरची गिटार खाली उतरवली आणि ग्लेनकडे वळून म्हणाली, "तू जरा ओसरीवर बस हं. राग नको मानू."

"छे, छे. माझ्या आजोळी पण हेच चालतं," असं म्हणून पोरगा गोड पावाचा तुकडा घेऊन बाहेर गेला.

वेंडेलने एकेक तार लावली. बापाने शिकवली तशीच, त्याच क्रमाने, तिसरी शेवटी. इओकेपा त्या तिसऱ्या खुंटीकडे पाहत होता. ती तार अर्ध्या सुराने चढीच राहिली.

मग वेंडेल वाजवू लागला. ग्रेडरच्या दांड्या ओढून ओढून फुगलेली ती बोटं तारांवर अशी काही पडली की लेपेकाच्या हातातला कागद तसाच राहिला. पहिला भाग निघाला, घाई नाही, दिखावा नाही. नोहेआने डोळे मिटले. आणि मग दुसरा भाग आला आणि तिसरी तार मोकळी वाजली.

बेसूर. वेंडेलने पुन्हा केलं. पुन्हा बेसूर. त्याने तळवा तारांवर ठेवून आवाज दाबला आणि हसला, पण आता हसणं वरवरचं होतं.

"झालं. दरवेळी इथेच गाडी रुतते."

"काका," ओसरीच्या दारातून ग्लेनचा आवाज आला. "तुमचा हात फार गोड आहे. खरंच सांगतो. हात चुकत नाहीये. मला वाटतं ती तिसरी तार—"

"तू बाहेर होतास ना रे?" लेपेका ओरडली.

"बाहेरच होतो, आत्या. कान थोडेच बाहेर थांबतात?"

वेंडेल त्याच्याकडे वळला. आवाज चढवला नाही, पण शब्द एकेक करून बोलला. "हे बघ पोरा. ही जुळणी माझ्या बापाने स्वतःच्या हाताने मला दिलीय. चुकला तर माझा हात चुकेल. ते चुकायचे नाहीत." आणि तो खुर्चीकडे पाहून म्हणाला, "हो ना, बाबा?"

सगळे आपल्याकडे पाहताहेत हे इओकेपाला दिसलं. सांगायची याहून चांगली वेळ देव तरी आणखी कोणती देणार होता?

"तार बरोबर आहे," तो म्हणाला.

आयुष्यभराची सवय होती. जिभेने ती परस्पर पाळली.

"बघ," वेंडेल ग्लेनला म्हणाला, आणि गिटार टेबलावर ठेवली.

लेपेका खुर्चीजवळ आली. या घरात परक्यांना जुळणीच्या आसपास फिरकू न देणारी ती होती. पण ती बाई मुळात व्यवहारी.

"बाबा, मी एक बोलू? रागावू नका. तुमचा हात गेला, याचा बसला नाही. तुमच्यामागे ती धून जाणारच आहे. मरण्यापेक्षा परक्याच्या हातात गेलेली काय वाईट? हा पोरगा सभ्य दिसतो. त्याला सांगा. शनिवारी तो वाजवील, नोहेआची हौस होईल, व्याह्यांचाही मान राहील."

"आत्या! काल तर तूच म्हणत होतीस—"

"काल बुधवार नव्हता."

"मला ती दुसऱ्या कुणाकडूनही नकोय. मला पप्पांकडून हवीय."

"नोहेआ," वेंडेल म्हणाला, "पुरे आता. आत्याचं बरोबर आहे. बाबा, शिकवा याला. माझी काही हरकत नाही." त्याने जाकीट उचललं आणि तो बाहेर गेला. नोहेआ त्याच्या मागे धावली. लेपेकाने एक सुस्कारा सोडला आणि ती भांडी घासायला गेली.

ग्लेन खुर्चीसमोर येऊन जमिनीवर बसला. त्याने स्वतःची गिटार मांडीवर घेतली आणि सगळ्या तारा सैल सोडल्या. "सांगा, आजोबा. मी कुणाला दाखवणार नाही. आईशपथ."

आणि इओकेपाला काय वाटलं, ते सांगायलाच हवं, मग त्याच्याबद्दल कुणाचं मत काहीही होवो. त्याला सुटल्यासारखं वाटलं. या पोराला खरी जुळणी द्यायची. शनिवारी धून नीट वाजेल. लोक वाहवा करतील. वेंडेल ऐकेल आणि म्हणेल, बघा, ज्याच्या हातात आहे त्याला तीन दिवसांत आलं. कुणाला काही कळणार नाही. मेल्यावर तर मुळीच नाही.

त्याने सहावी सांगितली. पाचवी सांगितली. चौथी सांगितली. मग पहिली, दुसरी. ग्लेन खुंट्या पिळत होता, कान लावून, मान हलवत. इतक्यात खिडकीतून बाहेरचं बोलणं आत आलं. वेंडेलचा ट्रक खिडकीला लागूनच उभा असे, आणि इओकेपाचे पाय थकले, हात गेला, तरी कान शाबूत होते.

"त्यांना बोल लावू नकोस," वेंडेल सांगत होता. "एकच मुलगा झाला त्यांना, आणि तो असा निघाला. त्यांनी सगळं दिलं गं मला. माझ्यातच उतरलं नाही."

"पण मघाशी किती छान—"

"ऐक. तुझी आजी शेवटची आजारी होती ना, तेव्हा मला म्हणाली, वाजव. बाबांकडून पन्नास वर्षं ऐकली, आता तुझ्याकडून ऐकू दे, म्हणजे मागे राहतेय हे मला कळेल. आणि मी नाही म्हटलं. मला वाटलं, तिला बेसूर ऐकवून पाठवण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. काही बोलली नाही. सहा वर्षं झाली, नोहेआ, रोज सकाळी ग्रेडर चालू करतो आणि ते आठवतं."

त्या दिवशी इओकेपा त्या खोलीत होता. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला. वेंडेल उठून गेल्यावर त्याने स्वतः गिटार घेऊन ती धून वाजवली होती, पण एमालियाने तोंड काही इकडे केलं नव्हतं.

"तिसरी, आजोबा?" ग्लेनने विचारलं.

"थांब," इओकेपा म्हणाला. "वेंडेलला बोलाव."

"आत्ता?"

"आत्ता बोलाव, नाहीतर मी पुन्हा फिरेन."

वेंडेल आला, मागून नोहेआ, आणि ओल्या हातांनी लेपेका. इओकेपाने ते सरळ सांगितलं, कारण वळणं घ्यायला त्याच्याकडे आता दम नव्हता. खोटी जुळणी देण्याची रीत सांगितली. धक्क्यावरची चहाडी सांगितली. दोन वर्षांनी खरं कळलं ते सांगितलं. त्यानंतरचं सांगण्यासारखं काही नव्हतं, नुसती वर्षं होती.

"थांबा," वेंडेल म्हणाला. त्याला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. "म्हणजे तिसरी तार—"

"अर्ध्या सुराने उतरवायची. चूक तुझ्या हाताची कधीच नव्हती."

"अरे देवा," लेपेका खाली बसली. "आणि आम्ही याला ठोकळा म्हणत आलो. लाकडाच्या बोटांचा म्हणत आलो. ख्रिसमसला, वाढदिवसाला, सगळ्यांसमोर. बाबा, तुम्ही पण हसायचात की हो! तुम्ही पण!"

इओकेपा हसायचा, हे खरं होतं.

वेंडेलने टेबलावरची गिटार घेतली. ग्लेन आपणहून उठून बाहेर जाऊ लागला.

"बस रे," वेंडेल म्हणाला. "लपवायला आता काही उरलेलं नाही."

त्याने तिसरी खुंटी पिळली. तार उतरली. त्याने पहिला भाग घेतलाच नाही, सरळ दुसऱ्या भागावर गेला, जिथे आजवर रुतत आला होता तिथे. आणि तो भाग निघाला. एकदाही न थांबता, पहिल्या झटक्यात, शेवटपर्यंत. बोटांना सगळं ठाऊक होतं. नोहेआ रडायला लागली, ग्लेनने मान खाली घातली.

वेंडेलने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"आईला माहीत होतं?"

"नाही," इओकेपा म्हणाला. "बायकांना सांगायची रीत नव्हती."

"म्हणजे ती गेली, ती मला वाजवायचंच नव्हतं असं समजून गेली."

"हो."

"तुम्ही खोलीत होतात."

"होतो."

"एका बाजूला मी, एका बाजूला तुम्ही."

"माझं चुकलं, वेंडेल. फार चुकलं."

"हो," वेंडेल म्हणाला. "चुकलं."

त्याने शिवी दिली असती, गिटार आपटली असती, तर इओकेपाला बरं वाटलं असतं. वेंडेलने तसलं काही केलं नाही. तो गिटार घेऊन उठला.

"पप्पा," नोहेआ हळूच म्हणाली, "शनिवारी?"

"वाजवीन. तुझ्यासाठी आणि आजीसाठी." तो दाराशी थांबला, जणू आणखी एक नाव घ्यायचं आहे, पण घेतलं नाही. ट्रक गेल्याचा आवाज आला.

ग्लेनने आपला टंकलिखित कागद उचलला. "मग, आत्या, माझं आता..."

"तू सह्यांच्या वेळी वाजव," लेपेका डोळे पुसत म्हणाली. "पाचांतलं कुठलंही. आणि जाताना रस्सा घेऊन जा, तुझ्या आईला."

गुरुवारी वेंडेल आला नाही. शुक्रवारी खड्ड्यात निखारे घालायला आला, पण घरात पाऊल टाकलं नाही. लेपेका बापाला जेवण वाढत होती, पण ताट जरा जोरातच ठेवत होती. इओकेपाने तक्रार केली नाही. खुर्चीत बसून तो एकच गोष्ट परत परत तपासत होता. सांगितलं त्यात काहीतरी राहून गेलं आहे असं त्याला वाटत होतं, आणि काय राहिलं ते त्याला नीट ठाऊक होतं, पण तो स्वतःशीही ते म्हणत नव्हता.

शनिवारी चर्च भरलं. वेंडेलने नोहेआला हाताला धरून आत आणलं, डॅरिलच्या हाती दिलं, आणि मग नव्या कोऱ्या शर्टात बाजूच्या खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घेतली. पाद्र्याने अंगठ्या मागितल्या.

इओकेपाने ती धून हजारो वेळा वाजवली होती, पण दुसऱ्याच्या हातून खरी कधी ऐकली नव्हती. वेंडेल ती त्याच्यापेक्षा सावकाश वाजवत होता. जिथे इओकेपा बोटांची करामत दाखवायचा, तिथे वेंडेल नुसता सूर धरून थांबत होता. दुसऱ्या भागात तिसरी तार मोकळी वाजली, आणि पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका रडू लागल्या. त्यातल्या निम्म्या एमालियाच्या लग्नाला होत्या.

मग इओकेपाने ते मनाशी म्हटलं. पोरगा माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि हे आज नाही कळलं. एकोणिसाव्या वर्षी तो त्या खोट्या जुळणीत पहिला भाग वाजवायचा, तेव्हाच कळलं होतं. धक्क्यावरची बातमी आली तेव्हा ती खरी की खोटी हे न विचारण्याचं कारण तेच होतं. ती बातमी त्याला हवी होती.

बाहेर अंगणात उन्हाची एक तिरीप आली होती. लोक माळा घालत होते, मिठ्या मारत होते. डॅरिलची आई, आता पक्क्या विहीणबाई, गळ्यापर्यंत फुलांनी झाकलेल्या, लगबगीने आल्या. वेंडेल नेमका तेव्हाच बापाला काठी द्यायला शेजारी येऊन उभा राहिला होता.

"काय वाजवलंत हो, व्याही! अंगावर काटा आला माझ्या. आम्ही उगाच त्या पोराला पाठवलं." मग त्या इओकेपाकडे वळल्या. "आजोबा, मुलाला तुम्हीच शिकवलंत ना?"

इओकेपाने तोंड उघडलं, पण त्याआधीच वेंडेल बोलला.

"हो. बाबांनीच शिकवलं."

"बाई गं! शिकायला किती वर्षं लागली?"

"तेहतीस," वेंडेल म्हणाला.

विहीणबाई खळखळून हसल्या, भारी विनोदी माणूस म्हणत पुढच्या पाहुण्यांकडे गेल्या. बापलेक दोघेच उरले. वेंडेलने माफ केलं होतं की चारचौघांत बापाची लाज राखली होती, हे इओकेपाला कळेना. जे काही होतं, ते घेऊन गप्प बसता आलं असतं. म्हाताऱ्याला मुलाने दिलेलं पांघरूण कोण नाकारतं?

"वेंडेल," तो म्हणाला. "धक्क्याचं मी तुला सांगितलं ना, ते निमित्त होतं."

"कशाचं निमित्त?"

"तू माझ्यापेक्षा चांगला होतास. तेव्हाच. पहिल्या महिन्यात मला कळलं होतं. तार उतरवून दिली असती, तर गावात मला कुणी विचारलं असतं? म्हणून नाही दिली." त्याने मान वर करून मुलाकडे पाहिलं. "चहाडी नसती, तरी मी काहीतरी शोधलं असतं."

वेंडेलच्या चेहऱ्यावर राग आला, तो इओकेपाने पाहिला. मग तो ओसरला, आणि त्या जागी जे आलं, ते इओकेपाने त्याच्या चेहऱ्यावर तो एकोणीस वर्षांचा होता त्यानंतर पाहिलं नव्हतं.

"पुन्हा म्हणा," वेंडेल म्हणाला.

"काय?"

"तेच. मी चांगला होतो ते. पुन्हा म्हणा, बाबा."

इओकेपाने पुन्हा म्हटलं. वेंडेलने पाहुण्यांकडे पाठ केली, नव्या शर्टाची बाही डोळ्यांवर धरली, आणि मान हलवून आणखी एकदा म्हणायची खूण केली.